सुईच्या टोकावरची माती

"थेट लढाईवर या ना, अक्का," नीलेश बसकरावर टेकता टेकता म्हणाला. "या ऋषी लोकायले दुसरा धंदा नाही का? एक गोष्ट सांगता सांगता दुसरी!"

"तू काय थेट मिशा घेऊन जन्मला होता का रे?" कुंदाबाईने चष्मा पुसला.

समोरच्या बसकरावर त्याचा थोरला भाऊ प्रेमराज भिंतीकडे बघत बसला होता. आखाजीच्या सणाआधी, दोघा भावांचा बांधावरून वाद पेटलेला असताना, कोणीतरी त्याची घडावर आलेली केळीची दोनशे झाडं कापून टाकली, तेव्हापासून तो भावाशी बोलला नव्हता. त्या दिवशी तो कोयता घेऊन निघाला, तशी रुख्माबाई दारात आडवी झाली. दोघा लेकांचे हात तिने महाभारताच्या पोथीवर ठेवले. पोथी संपेपर्यंत कोणी बांधावर पाय ठेवणार नाही, अशी आण घातली. कोयता दाराजवळच्या खिळ्याला टांगला गेला.

बालवाडीतून रिटायर झालेली कुंदाबाई सावद्यात चौमासाभर पोथ्या वाचत हिंडायची. महाभारत तिचं लाडकं. सूत सांगतो, त्यात वैशंपायन सांगतो, त्याच्या पोटात आणखी कोणी. केळीच्या खोडासारखं सोपटाच्या आत सोपट. पोथी लवकर संपू नये म्हणून यंदा ती सोपटं जपून जपून सोलत होती. पण काल सावित्रीचीही गोष्ट झाली. वनवास सरत आला. पुढे दुर्योधनाची ती ओळ होती: सुईच्या टोकावर राहील एवढीही माती देणार नाही. ती या दोघांसमोर कशी वाचावी?

तिने पोथी उघडली. खुणेचं मोरपीस नळाच्या गोष्टीत होतं. महिनाभर मागे.

तिने वर पाहिलं. रुख्माबाई पदर दातात धरून चुलीजवळ उभी होती. तिला अक्षर येत नव्हतं. कोणत्या बाजूला पानं जास्त, एवढं मात्र दिसत होतं.

कुंदाबाई तिथूनच वाचू लागली. नळ भावाशी जुगार खेळला आणि राज्य हरला.

"हे तं झालं," नीलेश म्हणाला.

"झालं," प्रेमराज म्हणाला. तीन महिन्यांत पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं. "मायनं पीस सरकवलं."

"पोथीत लबाडी झाली, मंग आण कशाची?" नीलेश उठला आणि चपला घालून मळ्याच्या वाटेला लागला.

प्रेमराजही उठला. दारापाशी क्षणभर थांबला. तो गेल्यावर भिंतीवर नुसता खिळा होता.

"म्या काय करून बसली, कुंदे!" रुख्माबाई मटकन खाली बसली. "मोठ्यानं वाच. बांध काही लांब नाही."

कुंदाबाईने भराभर पानं उलटली, दाराकडे तोंड केलं आणि घसा फाटेस्तोवर वाचलं. नळाने सगळं परत जिंकलं. 'पुष्करा, तू माझा भाऊच आहेस. तुझा वाटा घे, शंभर वर्षं जग.'

मळ्याकडे कुत्री भुंकू लागली.

"संपली का गोष्ट?" रुख्माबाईने विचारलं.

"नाही," कुंदाबाई म्हणाली, आणि दोन रिकाम्या बसकरांसमोर तीच ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचू लागली.