कस्टमच्या टेबलावरचा डावा बूट

मी एक जुना बूट आहे. डावा. रियाधच्या विमानतळावर एका भल्या माणसाने कस्टमच्या टेबलावर हात ठेवून माझ्याबद्दल सांगितले, "हा माझा आहे," आणि तो खोटे बोलत होता.

पण मित्रांनो, असे काहीही घडलेले नाही. त्याची कुठे नोंद नाही. तेव्हा वरचे वाक्य तुम्ही वाचलेच नाही असे समजा. मी रीतसर जन्मापासून सुरुवात करतो.

माझा जन्म आग्र्याच्या एका कारखान्यात झाला. एका बाईने माझा तळवा चिकटवला आणि दुसरीने माझ्यावर दहा नंबर छापला. उजवा माझ्याआधी चार मिनिटे जन्मला आणि ते तो अजून विसरू देत नाही. मग आम्ही समुद्रमार्गे रियाधला आलो. तिथल्या बथा बाजारात यज्ञेश नावाच्या तरुणाने आम्हाला पायात घालून दोन उड्या मारल्या आणि घरी नेले.

यज्ञेश मूळचा नाशिकचा. रियाधच्या एका बँकेत संगणकाचे काम करतो. त्याच्या बायकोचे नाव विभा. तीन वर्षे मी त्याच्या पायात होतो, पण चालत असा तो कुठे जातच नसे. घर, लिफ्ट, गाडी, लिफ्ट, खुर्ची. रियाधच्या उन्हात पायी फिरणाऱ्याकडे लोक 'याची गाडी बंद पडली वाटतं' अशा नजरेने पाहतात. माझा तळवा इतका कोरा होता की मला त्याची लाज वाटे.

मग बँकेने दोन माणसांना दोन आठवड्यांच्या प्रशिक्षणासाठी हॉलंडमधल्या उट्रेख्त शहरात पाठवले. एक यज्ञेश आणि दुसरे सिराजुद्दीन. सिराजभाई दापोलीकडचे, वय पन्नाशीचे, बोलणे तिरके. त्यांना साखरेचा आजार होता आणि डॉक्टरांनी रोज दहा हजार पावले सांगितली होती. यज्ञेशच्या फोनमध्ये त्या शहरातल्या छोट्या छोट्या बिअरबारांची यादी होती. एकाला साखर होती, दुसऱ्याला सौदीतली चार वर्षांची तहान. म्हणून दोघे रोज संध्याकाळी बरोबर निघत.

ते माझ्या आयुष्यातले सोन्याचे दिवस होते. कालव्याच्या कडेने विटांचे रस्ते होते. पाण्याच्या पातळीवर जुनी तळघरे होती आणि त्यांत बार. लोम्बोक नावाच्या वस्तीत तुर्की दुकाने होती आणि एक मशीद होती. सिराजभाई नमाजला आत गेले की यज्ञेश समोरच्या दुकानात संत्री निवडत उभा राही. नमाज झाली की पुढचा बार. तिथे यज्ञेशसमोर ग्लास येई आणि सिराजभाईंसमोर पुदिन्याचा चहा.

"हे काय, आगळ?" एका तांबड्या, आंबट बिअरकडे पाहून सिराजभाई म्हणाले.

"चेरीची आहे. जवाच्या बिअरमध्ये चेरी मुरवतात."

"म्हणजे आमची आई कोकमाचं करते तेच. फक्त आमच्या आईचं प्यायलं की माणूस उभा राहतो."

शेवटच्या संध्याकाळी घात झाला. तळघराच्या उभ्या दगडी पायऱ्या होत्या आणि यज्ञेशच्या हातात चार छोट्या ग्लासांची फळी होती. तिसऱ्या पायरीवर फळी कलली. चारही ग्लासांतली काळी, दाट बिअर थेट माझ्यात आली. मी आयुष्यात पहिल्यांदा प्यायलो, आणि तेही एका दमात. उजवा कोरडाठाक राहिला. तो आजही तसे बोलून दाखवतो.

धुतले, पुसले, हॉटेलच्या हीटरवर वाळवले. वास जाईना. दुसऱ्या दिवशी सौदीत उतरायचे होते. यज्ञेशने विभाला फोन लावला.

"बूट भिजलाय. वास मारतोय. काय करू?"

"कशाने भिजला?"

"कालव्याच्या पाण्याने."

"दाढीच्या डब्यात तुरटी आहे ना? ती कुटून रुमालात बांध आणि बुटात कोंबून ठेव. वासाचा बाप जाईल."

मित्रांनो, हा उपाय नाशिकला उत्तम आहे. यज्ञेशने तुरटीचा खडा पाण्याच्या बाटलीने कुटला. छान बारीक, पांढरी पूड झाली. ती रुमालात बांधून त्याने माझ्या चवड्यात खोल सारली. पांढरी पूड लपवून कुठल्या देशात न्यावी आणि कुठल्या देशात नेऊ नये, याचा विचार तो करत नव्हता. तो फक्त वासाचा विचार करत होता.

विमानतळावर वजनकाट्याने आणखी एक घोळ घातला. यज्ञेशच्या बॅगेत चीज जास्त झाले होते.

"बूट माझ्याकडे दे," सिराजभाई म्हणाले. "माझ्या बॅगेत उमामासाठी बिस्किटंच आहेत नुसती." उमामा त्यांची मुलगी.

मागे रांग वाढत होती. यज्ञेशने आम्हाला उचलून सिराजभाईंच्या बॅगेत टाकले. पुडीचे सांगायचे राहिले. काउंटरवरच्या बाईने विचारले, "बॅग स्वतः भरली का? दुसऱ्याचं काही आहे का?" सिराजभाई म्हणाले, "सगळं माझंच."

सात तास मी अंधारात होतो. पूड माझ्या पोटात होती आणि मला तोंड नव्हते.

रियाधला यज्ञेशची बॅग यंत्रातून सरळ बाहेर पडली. सिराजभाईंची थांबली. मागे गेली. पुन्हा पुढे आली. नबील नावाच्या तरुण अधिकाऱ्याने ती टेबलावर उघडली, बिस्किटे बाजूला केली आणि मला उचलून आत बोटे घातली. रुमाल बाहेर आला. गाठ सुटली.

पांढऱ्या पुडीला या देशात सौम्य अशी शिक्षा नाही. सिराजभाईंनी ती पूड पहिल्यांदाच पाहिली.

"हे तुझं?" नबीलने हिंदीत विचारले.

मित्रांनो, बुटाला चेहरे फारसे कळत नाहीत. पाय कळतात. ज्या पायांत मी तीन वर्षे होतो, ते वीस पावलांवर थांबले होते. त्यांची बोटे बाहेरच्या दाराकडे होती. दारापलीकडे विभा उभी असणार. यज्ञेशने आणखी वीस पावले टाकली असती, तर त्याला कुणीच अडवले नसते.

सिराजभाईंनी त्या पायांकडे पाहिले. मग टेबलावर हात ठेवला.

"हा माझा आहे."

"घाल पायात."

सिराजभाईंचा पाय सात नंबरचा. तो माझ्यात शिरला आणि विहिरीत पोहरा सोडावा तसा थेट तळाला गेला. नबीलने मला टाचेकडून हलवले. मी हललो, पाय हलला नाही.

"तुझं नेमकं काय आहे," नबील म्हणाला, "पाय की बूट?"

सिराजभाईंच्या घोट्यातली शीर माझ्या कडेवर ताडताड उडत होती. नबीलने फोन उचलला आणि कुणाला तरी बोलावले. फोन खाली ठेवल्याचा आवाज झाला आणि त्या आवाजासरशी वीस पावलांवरचे पाय हलले. एक बोटभर दाराकडे. मग थांबले. मला ओरडायचे होते. माझ्या नाड्याही सुटलेल्या होत्या.

मग ते पाय वळले.

"सर, तो बूट माझा आहे," यज्ञेश म्हणाला. "पूडही माझीच. यांना माहीत नव्हतं."

"एका बुटाला दोन मालक," नबील म्हणाला. "आणि दोघेही शुद्धीवर."

आलिमा नावाची वरिष्ठ अधिकारी तपासणीची पेटी घेऊन आली. तिने चिमूटभर पूड नळीत टाकली. सगळे नळीकडे पाहत राहिले. यज्ञेशने सिराजभाईंची बाही पकडली होती. सिराजभाईंनी ती सोडवून घेतली, मग पुन्हा धरू दिली. नळीचा रंग बदलला नाही. आलिमाने दुसरी चिमूट ओल्या बोटावर चोळली.

"शब्बा," ती म्हणाली. तुरटीला अरबीत शब्बा म्हणतात. "तिकडे हाइल गावी माझी आजी आजोबांच्या चपलांना लावायची. यात लपवण्यासारखं काय होतं?"

तिने मला नाकाजवळ नेले. थांबली.

"आणि हा दुसरा वास?"

यज्ञेशने डोळे मिटले. "बिअर. तिकडे सांडली. पायावर."

"तू प्यायलास?"

"तिकडे. हे नाही. हे चहा पितात."

आलिमाने फॉर्म वरून खालपर्यंत वाचला, उलटा करून मागूनही वाचला. "बुटाने प्यायल्याचा रकाना नाही," ती नबीलला म्हणाली. "लिहायचं कशात? खलास. यल्ला, जा दोघं."

दोघे बॅगा ओढत निघाले. सरकत्या दाराशी सिराजभाई थांबले.

"तू आला नसतास तर मी तुझ्या नावाने बोटं मोडली असती."

"नुसती बोटं, सिराजभाई?"

"दहाच आहेत रे मेल्या. पायाची धरून वीस." मग हळू आवाजात, "तुरटी ठेवलीस ती ठेवलीस. एक शब्द टाकायचा होतास."

"मी निघून जात होतो, सिराजभाई."

"पाहिलं मी. चल, विभा वाट बघत्येय."

त्या दिवसापासून मी यज्ञेशच्या बाल्कनीत आहे. मला कुणी घालत नाही आणि टाकतही नाही. धुळीचे वादळ आले की माझ्यावर धुळीचा मऊ थर बसतो. शुक्रवारी सिराजभाई जेवायला येतात, माझ्याकडे पाहतात आणि मगच पानावर बसतात.

मित्रांनो, बूट पुसत जा, वाळवत जा. आणि आपले ओझे दुसऱ्याच्या बॅगेत ठेवाल तेव्हा आत काय आहे ते आधी सांगत जा. भला माणूस विचारत नाही.

सबब, माननीय महासंचालक, सीमाशुल्क यांना नम्र विनंती की, यापुढे सामानातील पादत्राणांचा जबाब प्रवाशाच्या जबाबाआधी, दुभाष्यासमक्ष नोंदवण्यात यावा. डाव्या व उजव्या बुटाचे जबाब स्वतंत्र घ्यावेत. आणि सात नंबरचा पाय दहा नंबरच्या बुटाची जबाबदारी घेऊ लागल्यास ती नामंजूर करावी, परंतु त्या पायास दोन मिनिटे बसायला खुर्ची देण्यात यावी. कळावे.