पाहुणीची आंघोळ

वरच्या मजल्यावरच्या फ्राउ हार्टमान खुब्याच्या ऑपरेशननंतर तीन आठवड्यांच्या रेहाला, म्हणजे पुनर्वसन केंद्रात, निघाल्या आणि त्यांची मरिया माझ्याकडे ठेवून गेल्या. त्यांच्या घरात खिडक्या बदलणारे लोक येणार होते. पाचशे वर्षांची मूर्ती त्या धुळीत कोण ठेवेल? वीतभर उंच, निळा झगा, सोनेरी काठ, कडेवर बाळ. लाकडाची. पणजीच्याही आधीपासून त्यांच्या घरातल्या बायका हिच्यासमोर बसत आल्या होत्या. "उन्हात नको, हीटरजवळ नको," त्यांनी दोनदा बजावलं.

मला नसत्या चौकशांची खोड. पहिल्याच संध्याकाळी मी मोबाइलचा टॉर्च लावून मूर्ती उलटीसुलटी पाहिली. पाठ आतून कोरून पोकळ केलेली. का? लाकूड तडकू नये म्हणून, हे वाचून कळलं. पण बाळाच्या डाव्या पायाचा रंग शाबूत आणि उजवा मात्र उघडा, तपकिरी, चकचकीत. हे काही कुठे सापडेना.

"त्यात काय शोधायचंय?" माझे सासरे म्हणाले. ते तीन महिन्यांसाठी पुण्याहून आले होते. "रोज कुणीतरी त्या पायाला हात लावलाय. देव्हाऱ्यातली मूर्ती आहे ही."

मी चाटच पडले. एवढं साधं मला सुचू नये!

गुरुवारी एश्बॉर्नच्या ऑफिसातून परतले, तर मरिया आमच्या देव्हाऱ्यात, गणपती आणि बाळकृष्णाच्या मधोमध. झग्याचा खालचा रंग पापुद्रे धरून सुटलेला. तुळशीच्या कुंडीत निळे कण.

"अहो बाबा, हे काय केलंत?"

"आंघोळ घातली. सगळ्यांना घालायची आणि पाहुणीला पारोशी ठेवायची?"

"लाकूड आहे ते! लाकडावर रंग आहे!"

त्यांनी मूर्ती उचलून अगदी डोळ्यांजवळ नेली. मोतीबिंदूच्या डोळ्यांना तो चकचकीत पाय पितळेचा वाटला होता, आणि हलकी लागली म्हणून पोकळ पितळ. मला भयंकर राग आला होता, पण त्यांचा चेहरा बघून तो गिळावा लागला. परत आल्यावर फ्राउ हार्टमानना काय तोंड दाखवणार होते मी? जर्मनीत मला आपल्या घराची चावी देणारी ती एकच बाई.

त्या आल्या. "मी घातली, मीच सांगणार," म्हणत बाबा पुढे झाले. ते मराठीत सांगत होते, मी जर्मनमध्ये. फ्राउ हार्टमाननी झग्यावरून बोट फिरवलं.

"हे परत होत नाही," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे," बाबा म्हणाले. "लाकूड आहे हे कळलं असतं, तर आरशातून घातली असती."

मी भाषांतर केलं. त्या रागातच होत्या, पण मान वर झाली. "आरशातून कशी?"

"जिला पाणी चालत नाही, तिच्यासमोर आरसा धरायचा. आरशात ती दिसते. पाणी तिथे घालायचं."

"दाखवा."

बाबांनी ताम्हनात माझा छोटा आरसा तिरका उभा केला. मरिया त्यात आली, बाळासकट. त्यांनी पळीभर पाणी उचललं, तोच फ्राउ हार्टमाननी त्यांचं मनगट घट्ट धरलं. संपलं सगळं, असं मला वाटलं.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "नळाचं नको. फार गार असतं. जरा कोमट करून घ्या."