त्या डबड्याने डिस्क ओळखली का?

कोरमंगलातल्या दुकानातून हार्ड डिस्क घेऊन बाहेर पडलो, तर समोर माझा मुलगा ध्रुव, ऑफिसच्या लोकांबरोबर कॉफी पीत उभा. मी हात केला. त्याने माझ्याकडे पाहिलं, झिजलेल्या चपलांकडे पाहिलं आणि सरळ पाठ फिरवली. बरं, म्हटलं.

बसवनगुडीला घरी येऊन डिस्क जोडली. कॉम्प्युटर जुनाट, एकशे सदतीस जीबीच्या पुढचं त्याच्या मदरबोर्डाला दिसेचना. "द्या की हो भंगारात," बायको म्हणाली. मी कसला ऐकतोय! बायोसचं, म्हणजे मदरबोर्डातल्या मूळ प्रोग्रॅमचं, अपडेट शोधून पेन ड्राइव्हवर घेतलं आणि ते चढेपर्यंत कुणाला स्विचबोर्डाजवळ फिरकू दिलं नाही. पुन्हा चालू केला, तर अख्खी डिस्क समोर!

तेवढ्यात ध्रुवचा फोन आला. आवाज अगदी मधाळ. "बाबा, आई म्हणाली, नवी डिस्क आणलीत. त्या डबड्याने ओळखली का?"

"आधी नाही ओळखली. बायोस अपडेट केला, मग ओळखली."

"अरे वा! कुठून घेतलीत?"

"कोरमंगलाहून. आज दुपारी."

"बाबा, ते... ऑफिसचे लोक होते हो बरोबर."

"मदरबोर्डाचं बरं असतं रे," मी म्हणालो, "त्याला अपडेट तरी मिळतं." आणि फोन ठेवला.