पालक घेऊन ये

देठाला लोंबणारा पाण्याचा थेंब काट्याचा आकडा स्थिर होऊ देत नव्हता... तिने तो बोटाने टिपला. शंभर ग्रॅम. शेजारच्या ताटलीत शंभर ग्रॅम तांदूळ, कसेबसे दोन मुठी. आणि इकडे हा पालकाचा ढीग, ताटलीत न मावणारा. इथे रुग्णालयाच्या भिंतीवर लावायचा तक्ता आजच पुरा करायचा होता. ऊर्जेत तांदूळ कितीतरी पुढे. लोह, जीवनसत्त्वं — तिथे पालक. पण कोरडं आणि ओलं एकाच मापाने तोलायचं, हा कुठला न्याय? पालकात बहुतेक पाणीच. शिजला की एवढासा होऊन बसतो.

एवढासा — तसेच बाबाही होत चालले होते. पडल्यापासून ते तिच्याकडे राहायला आले होते आणि चार घासांवर हात आखडता घेत होते. आज संध्याकाळी त्यांचं वजन करायचं. आणखी उतरलं तर दाखल करून नाकातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. आणि ही आहारतज्ज्ञ! गावाला जेवायला शिकवते आणि घरी बापापुढे चमचा घेऊन उभी राहते — "दोनच घास, बाबा, प्रथिनं कमी पडतायत" — तर ते आज्ञाधारकपणे तोंड उघडतात आणि घास गालात धरून बसतात. त्या गालाची तिला फार भीती वाटायची.

मीही तशीच होते की, तिला आठवलं... आई गेली त्या वर्षी डबा न उघडताच घरी आणायचे. शेवटी बाई म्हणाल्या, "उद्या पालक घेऊन ये." मी घरी तस्सं सांगितलं. आणि बाबांनी — डोकं ठिकाणावर नव्हतं बिचाऱ्यांचं — बाजारात जाऊन चांगली ताजी जुडी आणली, ओल्या फडक्यात गुंडाळून दप्तरात दिली! बाई हसून हसून बेजार. दुसऱ्या दिवशी बाबा स्वतः वर्गाच्या दारात उभे. "हा दुसरा पालक. कालच्याइतका ताजा नाही, चालवून घ्या."

त्या रात्री ती जुडी भातातच शिजली. एकच ताट, दोघं जमिनीवर. बाबा 'खा' म्हणाले नाहीत, नुसते जेवत राहिले, आणि कधीतरी माझा हात ताटात गेला. किती ग्रॅम खाल्लं, देव जाणे.

फोन वाजला. बाबाच, दिवसभर त्यांच्यापाशी असणाऱ्या मावशींनी लावून दिलेला.

"काय करतेयस गं?"

"पालक तोलतेय."

"एवढ्यातच? संध्याकाळी ठरलं होतं ना?"

ती हसली आणि हसता हसता तिला रडू आलं. हा माणूस तिला हवा होता, अजून खूप दिवस हवा होता.

"जेवलीस का?"

रोजचं 'हो' जिभेवर आलं होतं — खरं तर ती ओट्याशी उभ्या उभ्या काहीतरी पोटात ढकलायची, तेही फोन ठेवल्यावर. "नाही, बाबा. तुम्ही?"

"मावशी वाढून बसल्यात मघापासून. बघू."

"त्यांना सांगा, ताट तसंच झाकून ठेवा. मी येतेय. त्याच ताटात जेवू."

"बरं. पण लवकर ये बये, मला थांबवत नाही आता."

खरंच भूक, की तिच्यासाठी मारलेली थाप... तिला ठरवता येईना. तक्ता अर्धाच राहिला होता. संध्याकाळी काटा काय दाखवेल, तेही कुणाला ठाऊक. पण इतके दिवस पोटात जिथे भीती बसलेली असायची, तिथे आता भूक लागली होती — शाळेतून घरी येताना लागायची तशी.