बोळका जबडा

मी एक जबडा बोलतोय, खालचा, बिनदाताचा. हसू नका. हयातीत मला एकही शब्द आला नाही, म्हणून आता थोडं बोलून घेतो.

माझी मालकीण तुमची फार जुनी आजी. किती पिढ्या मागची, ते मोजायला बसू नका. बुटकी, लांब हातांची, भुवयांवर हाडाचा जाड कट्टा, कपाळ मागे पळालेलं. हनुवटी मला नाहीच. तरुणपणी मी टणक फळं फोडायचो, चिवट कंद चघळत बसायचो. कंदाबरोबर वाळू यायची. तिने दात झिजले, मग एकेक करून पडले. शेवटी नुसतं बोळकं उरलं.

तिथेच आमचं आटोपलं असतं. पण दगडावर दगड आपटल्याचा आवाज यायचा, आणि थोड्या वेळाने तोंडात मऊसं काही यायचं. चेचलेला कंद. हाड फोडून काढलेला मगज. कधी कुणीतरी आधीच चावलेलं मांस, अजून कोमट. लेक असेल, बहीण असेल. मला डोळे कुठे होते? इतकी वर्षं ते चाललं, की दातांचे खळगे हाडाने भरून आले आणि मी गुळगुळीत झालो.

मग गाळ. अंगावरून नदी गेली, नंतर तीही आटली. त्या झोपेबद्दल सांगण्यासारखं काही नाही. फार छान होती.

जाग आली ती ब्रशने. आता मी संग्रहालयाच्या कार्यशाळेत, कापसावर आहे. शेजारी कवटी. शिल्पकार बाई आम्हा दोघांवरून मालकिणीचा चेहरा घडवताहेत.

काल मोठे साहेब आले.

"बाई, हिला दात लावा. असलं बोळकं कोण बघेल?"

"दात नव्हते, साहेब. मरायच्या कितीतरी आधी पडलेत. खळगे बुजलेत, बघा."

"मग खात काय होती? वारा?"

"कुणीतरी भरवत होतं."

"त्या काळात? ज्याचं त्याला पुरत नव्हतं, आणि म्हातारीचे लाड! मेणाचे लावा. शुक्रवारी उद्घाटन आहे."

मी घाबरलो. भरवणारीचं एक हाडही कुणाला सापडलेलं नाही. तिची साक्ष म्हणजे माझे बुजलेले खळगे. दात लागले की ती पुसलीच.

बाईंनी मेणाचे दात वळले. एक माझ्या कडेशी धरून पाहिला. मग अंगठा त्या गुळगुळीत जागेवर तसाच राहिला.

"आईलाही शेवटी सगळं चेचून लागायचं," त्या मला म्हणाल्या. दात वितळवून टाकले आणि नवी माती मळायला घेतली.

आज साहेब आले, तेव्हा चेहरा बोळकाच होता. त्याच्यासमोर एक हात होता, मनगटापर्यंतचा, बोटांत चेचलेल्या कंदाचा गोळा. मागचं माणूस बाईंनी केलं नव्हतं.

साहेबांनी चष्मा पुसला. आता ओरडतील, असं मला वाटलं.

"हा पहिला घास का?"

"नाही. एक गिळून झालाय. दुसऱ्याची वाट बघतेय."

साहेब खुर्ची ओढून बसले. दातांचं पुन्हा बोलले नाहीत.

शुक्रवारी तुम्ही याल, तेव्हा मी कप्प्यात झोपलेला असेन. मला शोधू नका. त्या हातासमोर मात्र जरा थांबा, आणि मनातल्या मनात विचारा, "तू जेवलीस का?"

माझ्याकडून ते राहून गेलं.