बादलीपासून

घरात बोलायचं ते आडतीवर बोलायची आमच्या विरूपाक्ष भावजींना खोड. थोरले भाऊ, म्हणजे आमचे मालक, होते तोवर भावजी गप होते. ते लिंगैक्य झाले अन् ह्या धाकट्या दिराच्या जिभेला धार आली. "वैनीनं दुष्काळात पाटल्या मोडून गाण्याची मशीन आणली," हे मला विचारायच्या आधी तुरीच्या सौद्याला आलेल्या प्रत्येकाला सांगून झालं. टँकरच्या रांगेत साखराबाई मला विचारती, "गौरम्मा, तुझी मशीन पाणी देती का गं?"

म्हटलं, "देती. तुझ्या घागरीत मावायचं न्हाई."

लातूर जिल्हा होऊन तिसरं वर्ष. कलेक्टर आला, कचेऱ्या आल्या, पाऊस तेवढा यायचा राहिला. आमच्या अंगणातल्या विहिरीवर गल्लीतली लग्नं उरकायची. दिवाळीपासून तिचा तळ उघडा पडलाय.

मशीनचं असं झालं. लेक महानंदा नांदेडला, जावई रेल्वेत. त्यांनी चार वर्षांमागं श्रावणी सोमवारी आमच्या घरचं भजन कॅसेटवर घेतलं होतं. मालक गेल्यावर मी ती घरच्या टेपवर रोज लावायची. नुसती खरखर, अन् पार लांबून कुणीतरी गातंय. नांदेडला गेले तेव्हा जावयांनी एका दुकानातल्या भारी मशीनवर लावून दाखवली. भजनाआधी अभिषेकाचं पाणी मालक स्वतः शेंदायचे. त्या दुकानात आमच्या विहिरीची कप्पी कुरकुरली. बादली पाण्यावर आपटली. मग ह्यांनी घसा खाकरला, अगदी माझ्या कानाशी. मी तिथंच फरशीवर बसले.

दुसऱ्या दिवशी पाटल्या मोडल्या. माहेरच्या होत्या, कुणाला विचारायचं कारण नव्हतं. डेक, अॅम्प्लिफायर अन् कंबरेएवढे दोन स्पीकर घरी आले.

परवा दुपारी भावजी टेम्पो घेऊन दारात. नांदेडच्या दुकानदाराशी परभारे बोलून मशीन परत द्यायचं ठरवून आले होते.

"वैनी, त्या पैशात बोअर पाडू. साध्या टेपवर बी तेच भजन वाजतंय की. लोक हसायलेत."

"लोकांना सांगितलं कुणी?"

भावजी डेकमागच्या वायरी चाचपायला लागले.

"न्या. पण आधी बसा. एकदा ऐका, मग वायरी तुमच्याच हातानं सोडा."

कॅसेट लावली. कप्पी. बादली. खाकरणं. मग झांजा, लई जोरात. त्या भावजींच्याच. भाऊ गेल्यापासून त्यांनी झांजा धरल्या नाहीत, माळ्यावर पडल्यात. दोन ओळींच्या मधी ह्यांनी श्वास घेतला अन् हळूच म्हणाले, "विरू, हळू रे."

साध्या टेपवर हे कधी उमटलंच नव्हतं.

भावजींचा हात पुढं आला. वाटलं, वायरीला चालला. तो मांडीवर ठेका धरायला गेला अन् मधेच राहिला.

"अण्णाला माझ्या झांजा लई लागायच्या," ते म्हणाले. "आता कुणी हळू म्हणत न्हाई." बाहेर टेम्पोवाला भोंगा वाजवत होता. "वैनी, परत लावा. बादलीपासून."

लावली. संपल्यावर माळ्यावरच्या झांजा काढल्या, पदरानं पुसून त्यांच्या पुढ्यात ठेवल्या.

"भावजी, बोअर तुमच्या पैशानं पाडा. मशीन हलणार न्हाई. मला आडतीवर नेऊन बसवलंत, त्याचा दंड ऐका: दर सोमवारी इथं येऊन झांजा धरायच्या. आन् हळू."