वळणावरच्या चाव्या

मी पूर्णा-हिंगोली रेल्वेलाइन बोलतेय. तुम्ही कोण, रुळांवर कशाला आलात, हे आधीच विचारून ठेवते. राग मानू नका. उघड्या माळावर पडून राहणारीनं संशय धरू नये तर काय करावं?

माझी गाडी छोटी, रूळ छोटे, स्टेशनं बोटांवर मोजण्याइतकी. हिंगोलीला मी संपते. 'यंदा तुला पुढं नेणार' असं प्रत्येक नवा साहेब म्हणत आला. मी ऐकून घेते, विश्वास ठेवत नाही. औंढ्याच्या नागनाथाला जाणारी मंडळी चोंढीला उतरतात, इंजिनाला भक्तिभावानं हात जोडतात, आणि तिकीट तपासणारा दिसला की त्यांतलेच काहीजण उलट्या बाजूनं उडी मारून बाभळीत शिरतात. असलं बघून बघून माझा स्वभाव असा झाला आहे.

बद्रुद्दीनवरही माझा संशय होता. तो माझा चावीवाला. रूळ जागच्या जागी राहावा म्हणून त्याच्या बाजूला लोखंडी पाचरी ठोकतात, त्यांना चाव्या म्हणतात. गाडीच्या हादऱ्यानं त्या सैल होतात. हातोडा खांद्यावर टाकून रोज चालायचं आणि सैल चावी दिसली की ठोकायची, हे त्याचं काम. ते तो इतकं मन लावून करी की मला वाटे, ह्याच्या मनात नक्की काहीतरी आहे. कुणी बघत नसताना माणूस एवढं चांगलं कशाला वागेल?

मग जर्मनीची लढाई लागली आणि गावांतून लोखंड नाहीसं झालं. विळा मोडला तर दुसरा मिळेना. त्याच सुमारास वळणावरच्या गावची सुईण मंजुळाबाई माझ्याकडे येऊ लागली. इकडंतिकडं बघायची, दगडानं ठोकून एखादी चावी काढायची आणि पदराखाली धरून निघून जायची. नेहमी वळणावरचीच, कारण तिथं बाभळी दाट होत्या. दुसऱ्या दिवशी बद्रुद्दीन रिकामी जागा बघून डोकं खाजवी आणि नवी चावी ठोकी. लढाई संपली तरी बाईचं येणं थांबलं नाही. ती रूळ उडवणाऱ्या बॉम्बवाल्यांना सामील असणार, असं मी ठरवून टाकलं.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात सगळा मुलूखच माझ्या स्वभावाचा झाला. बद्रुद्दीन रझाकारांना खबर देतो, असं गाव म्हणे. तो निजामाविरुद्ध लढणाऱ्या, सरहद्दीपलीकडच्या कॅम्पवाल्यांना मिळालाय आणि गाडी पाडणार आहे, असं निजामाचे पोलीस म्हणत. एका सकाळी पोलीस जमादारानं त्याच्या घराची झडती घेतली. त्याची लेक नजमा बाळंतपणाला आली होती. बाळाच्या उशाखाली फडक्यात गुंडाळलेली चावी निघाली. हे मला रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगमधल्या किसनसिंगच्या बोलण्यातून कळलं. चाव्या कुठून काढल्या ते दाखवायला जमादारानं बद्रुद्दीनला हात बांधून वळणावर आणलं, ते मात्र मी स्वतः पाहिलं.

मंजुळाबाई धापा टाकत आली.

"त्याला काहून बांधलं? ती चावी मी ठेवली."

"तुमने? क्यों?" जमादारानं विचारलं.

"बाळंतिणीच्या उशाला लोखंड लागतंय, सायब. घरात विळा न्हाई कुणाच्या. येवढी आगगाडी वरून जाती तरी ज्याला काही होत न्हाई, त्या लोखंडापुढं बाहेरचं काय टिकंल?"

"झूठ!" जमादार म्हणाला.

बद्रुद्दीन हळूच बोलला, "मावशे, वळणावरच्या चाव्या निघाल्या की रूळ सरकतो. गाडी उलटती. गाडीत बी लेकरं असत्यात."

मंजुळाबाईचा चेहरा उतरला. बिचारीला हे खरोखरच ठाऊक नव्हतं. ती तशीच गावात गेली आणि बायकांना घेऊन आली. कुणाच्या पदरात चावी, कुणाच्या ओच्यात. अमिनाबीनं दोन जुळ्यांच्या दोन आणल्या. शालूबाई मात्र मुठीतली सोडेना.

"मावशे, माझ्या लेकराला काही झालं म्हंजी?"

"ह्या बापड्याला काही झालं म्हंजी?" मंजुळाबाई म्हणाली. शालूबाईनं मूठ उघडली.

जमादारानं दोरी सोडली. पण त्याला पटलंय असं त्याच्या तोंडावर दिसेना. पहिल्यांदाच एखादा माणूस, हा संशयी जमादार, मला आपला वाटला.

भाद्रपदात हिंदी फौजा आल्या आणि निजामाचं राज्य गेलं. रझाकारांनी ज्यांची घरं जाळली होती ते आता हिशेब चुकता करायला निघाले, आणि त्यांना दिसेल तो मुसलमान रझाकार वाटू लागला. गाड्या बंद होत्या. त्या पुन्हा सुरू करायच्या तर कुणीतरी आधी मला तपासून यायला हवं होतं. किसनसिंग म्हणाला, "तू नको जाऊ, भाई." तरी बद्रुद्दीननं हातोडा उचलला. मला वाटलं, आज हा निम्म्या वाटेतून पळून जाणार.

वळणावर काही माणसं काठ्या-कुऱ्हाडी घेऊन उभी होती. पुढं वळणावरच्याच गावचा उकंडराव. बद्रुद्दीनला पाहून ते रुळांवर चढले. तेवढ्यात बाभळीतून मंजुळाबाई आली आणि बद्रुद्दीनच्या पुढं उभी राहिली.

"बाजूला हो, मावशे."

"उकंड्या, तू पायाळू आलतास. तुजी माय वरडून वरडून गप झालती. तवा मी बाजूला झाले न्हाई, आता काहून होऊ?"

उकंडरावानं कुऱ्हाड खाली केली. बाकीचेही एकमेकांकडे बघत खाली उतरले. त्यांतल्या बहुतेकांना पहिला हात तिचाच लागला होता.

मग ती पुढं आणि बद्रुद्दीन मागं, असे ते चालू लागले. तो वाकून चावी ठोकी, तोवर ती थांबे. मी माझ्या स्वभावाप्रमाणे तिच्यात काही खोट सापडते का ते शोधलं. सापडली नाही. मला रडू येतंय असं वाटलं, पण लोखंडाला ते कुठून जमणार?

आता ती दोघं वसमतच्या बाजूला निघाली आहेत आणि तिच्या ओळखीचं शेवटचं गाव मागं पडलं आहे. पुढच्या गावांत कुणीही तिच्या हातून जन्मलेलं नाही. तुम्ही तिथं उभे असाल आणि हातात काही असेल, तर मी पाया पडते, रुळांवरून खाली उतरा. त्यांना जाऊ द्या.